हातची विद्या आणि पदवीचे श्रेयांक

विद्या कशास म्हणावें हें आजवर ज्याच्या हातीं लेखणी त्यानेंच ठरविलें. पोथी पाठ करणारा विद्वान, आणि तिफण घडविणारा अडाणी! सेलू तालुक्यांतला कोणताही जुना सुतार घ्या. बाभळीचें कोणतें लाकूड दिंडाला चालेल व कोणतें उन्हाळ्यांत तडकेल हें तो सालीवर हात फिरवून सांगतो. ज्वारीला फणांत अंतर किती, हरभऱ्याला किती, हें त्याला कोणत्याही मास्तरानें शिकविलेलें नाहीं. तिफणीमागें चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई दाणे अशा बेतानें सोडते कीं तास रिकामें राहत नाहीं व दाटही होत नाहीं. लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून पाणी पाजण्याची घटका ओळखतो. या सर्वांस शिक्षण विचारा, उत्तर येईल ‘चौथी नापास’. आणि नोकरीच्या जाहिरातींत पहिली अट काय, तर उमेदवार पदवीधर असावा.

आतां या बाबतींत एक नवी गोष्ट झाली आहे, ती आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावी. २०२३ च्या एप्रिलांत दिल्ली सरकारनें राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर केला. श्रेयांक म्हणजे कॉलेजची मुलें ज्याला क्रेडिट म्हणतात तें. ३० तासांच्या अभ्यासाला १ श्रेयांक, वर्षाच्या १२०० तासांना ४०. ते २०२१ सालीं सुरू झालेल्या श्रेयांकांच्या पेढींत विद्यार्थ्याच्या नांवावर जमा राहतात व पुढें पदवीसाठीं वापरतां येतात. कामाच्या अनुभवांतून आलेलें ज्ञानही परीक्षा घेऊन यांत मोजावें, असें या आराखड्यांत लिहिलें आहे. लिहिलें आहे तें चांगलेंच आहे.

पण मेख पाहा. अनुभवाला जें वजन दिलें आहे तें मूळ शिक्षणक्रमाच्या श्रेयांकांवर. चार वर्षांहून अधिक अनुभव असला तर ते दुप्पट होऊं शकतात. ज्याच्या पेढींत ४० आहेत त्याचे ८० होतील. ज्याच्या पेढींत शून्य आहे त्याच्या शून्याची दुप्पट कोणत्या गणितांत शून्याहून अधिक होते? तेव्हां शाळा सुटलेल्या आमच्या माणसाचें सारें भवितव्य त्या पहिल्या परीक्षेवर, म्हणजे त्याच्या हातच्या विद्येच्या तपासणीवर अवलंबून आहे. ती परीक्षा कोण घेणार, कोणत्या भाषेंत घेणार, संगणकापुढें बसवून घेणार कीं शेतांत, हाच खरा प्रश्न आहे.

दाखले देण्याचे प्रकार यापूर्वींही झाले. २०१५ पासून कौशल्य विकास योजनेंत कारागिरांचें आहे तें ज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्यास आरंभ झाला. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना आली. १८ धंदे, पांच ते सात दिवसांचें शिक्षण, रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठीं १५ हजार. हत्यारें अवश्य घ्यावीं, तीं कोणाची भीक नव्हे. पण तो दाखला घेऊन कॉलेजांत गेल्यास पहिल्या वर्षाचा एखादा विषय तरी माफ होतो काय, हें प्रत्येकानें विचारून पाहावें.

ही कल्पना विलायतेहून आली असें सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांनीं जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडावा. शेतकऱ्यांच्या औत हांकण्याच्या परीक्षा सरकारनें घ्याव्या, उत्तम शेतकरी निवडून त्यांस पदव्या द्याव्या, आणि शेतकऱ्यांच्या ज्या शिकलेल्या मुलांनीं शेत उत्तम राखून लोहारी-सुतारकींत परीक्षा दिली त्यांस सरकारी खर्चानें विलायतेच्या शेतकी शाळा पाहावयास पाठवावें, असें तेथें सुचविलें आहे. म्हणजे दिल्लीस जें २०२३ सालीं सुचलें तें पुण्याच्या एका माळ्यानें १४० वर्षांपूर्वीं मागितलें होतें.

मध्यंतरीं काय झालें? चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे (हें नांदेड आपलें नव्हे, नागभीड तालुक्यांतलें) दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. धानाच्या शेतांत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षें पेरून, त्यांनीं एच.एम.टी. हा तांदूळ उभा केला. देशभर तो पिकला. दादाजी २०१८ सालीं वारले, आणि पदवी राहिली ती त्यांच्या तांदळावर अभ्यास करणारांच्या नांवापुढें. अकोले तालुक्यांतील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. गांवठी बियाणें जपल्याबद्दल त्यांस २०२० ची पद्मश्री मिळाली. पद्मश्रीला त्या चालतात, मग बी.एस्सी.च्या बियाण्यांच्या विषयाला कां चालूं नयेत?

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. १९५३ सालीं मद्रासेंत राजगोपालाचारींनीं अर्धा वेळ शाळा व अर्धा वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. कुंभाराच्या पोरानें कुंभारच राहावें असा तिचा अर्थ तेथील बहुजनांनीं ओळखला, पेरियारांनीं रान उठविलें, आणि १९५४ सालीं कामराजांनीं ती रद्द केली. श्रेयांकांच्या गोड नांवाखालीं तसलें कांहीं आलें तर आम्ही त्यास प्रथम विरोध करूं. पोराला शाळाच हवी, पूर्ण वेळ हवी. अनुभवाचे श्रेयांक हे प्रौढ स्त्रीपुरुषांसाठीं, ज्यांची शाळा दुष्काळानें, कर्जानें किंवा लग्नानें बुडाली त्यांच्यासाठीं. आणि सुतारकीवर मिळालेले श्रेयांक सुतारकीच्याच वर्गांत कोंडतां कामा नयेत. त्यांच्या जोरावर त्याला इतिहास, कायदा, हिशेब, वाटेल तें शिकतां आलें पाहिजे.

परीक्षक कोण, या प्रश्नाचें उत्तर सरकारच्याच कागदांत आहे. २०२२ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें पंधरा वर्षें अनुभवी अशा जाणत्या माणसास पदवी नसतांही कॉलेजांत प्राध्यापक म्हणून घेण्याची वाट मोकळी केली. बड्या हुद्द्यावरील माणसें त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं हें उघड आहे. पण पंधरा वर्षें भाता चालविलेला लोहार त्या धोरणानें परीक्षकाच्या खुर्चीवर बसूं नये काय? कमअस्सल काम तो एका ठोक्यांत ओळखील. आणि सैल परीक्षा घेऊन दाखले वांटण्याचा बाजार मांडला तर तोही त्यालाच दिसेल.

सेलूस नूतन महाविद्यालय आहे, तें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या कक्षेंत येतें. परभणीस कृषि विद्यापीठ १९७२ पासून आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें बारावी न झालेल्यांस पूर्वतयारीची वाट दिली, पण तींतही पुस्तकाचीच परीक्षा, हाताची नव्हे. या संस्थांस आमचें मागणें इतकेंच आहे: अनुभवाची परीक्षा मराठींत, तोंडी व प्रत्यक्ष कामावर घ्यावी; परीक्षक मंडळांत निम्मे कारागीर व शेतकरी असावे, त्यांत बायाही असाव्या; फी घेऊं नये; आणि मिळालेले श्रेयांक कोणत्या पदवींत किती धरले जातील हें प्रवेशाच्या आधीं लेखी सांगावें.

वाचकांनीं तोंवर स्वस्थ बसूं नये. किती वर्षें काम केलें, कोणाकडे केलें, कोणतीं अवजारें बनविलीं, याची नोंद एका वहींत करावी. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं घरच्या मुलीकडून लिहवून घ्यावी. पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला, केलेल्या कामाचे फोटो त्या वहींत ठेवावे. जूनमध्यें प्रवेश सुरू होण्यापूर्वीं दहा-वीस जणांनीं मिळून कॉलेजच्या कचेरींत मराठींत अर्ज द्यावा, आणि त्याची पोंच घेतल्याशिवाय खिडकी सोडूं नये.