बुद्धीचें माप आणि माप घेणारा हात

वाण्याच्या दुकानांत शिरलेलें गिऱ्हाईक आधीं तराजूच्या कांट्याकडे पाहतें व मगच पारड्यांतील मालाकडे वळतें. सोनाराकडे गेलेली गृहिणी कसोटीचा दगड आणि कस लावणारा माणूस या दोहोंचीहि पारख करते. दोन तोळे सोन्याविषयीं एवढी दक्षता बाळगणारे आपण, पोटच्या मुलाच्या बुद्धीचें माप कोणी घेऊं लागला म्हणजे मात्र मापाचीहि विचारपूस करीत नाहीं आणि माप घेणाऱ्याचीहि नाहीं. या विसंगतीविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

तसें वाटण्यास एक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं शिकवीत असतां, ‘बुद्धिमापन’ करून देणारे एक गृहस्थ शाळेंत आले. एका दुपारीं एकाच दालनांत साठ मुलांस छापील कागद वाटण्यांत आले. प्रश्न इंग्रजींत आणि वेळ मोजून दिलेला. आठ दिवसांनीं प्रत्येक मुलाच्या नांवापुढें एक आंकडा आला. सहावींतील एका मुलाचा आंकडा सर्वांत खालीं होता. त्याचे आईबाप ऊसतोडणीस जाणारे. दिवाळीनंतर त्याचा व शाळेचा संबंध चारपांच महिने तुटत असे. आम्हां शिक्षकांपैकीं कोणीं जाणूनबुजून कांहीं केलें नाहीं. परंतु त्या दिवसापासून त्याला प्रश्न विचारणें कमी झालें, त्याचें उत्तर चुकलें तर कोणास नवल वाटेना, आणि हळूहळू त्यानेंहि हात वर करणें सोडून दिलें. पुढें वर्षभरानें एका सरकारी रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञ बाईंनीं त्याला दोन दिवस एकट्याला समोर बसवून मराठींतून तपासलें. बुद्धि वयास साजेशीच निघाली. वाचन तेवढें वारंवार खंड पडल्यामुळें मागें राहिलें होतें. एक वर्षभर आम्हीं त्याला मंद मानलें, याचा सल आमच्या मनांत अजून आहे.

यांत दोष परीक्षेच्या मूळ कल्पनेचा नव्हे. १९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक समिति नेमली. सामान्य वर्गाबरोबर ज्यांना चालतां येत नाहीं अशीं मुलें ओळखून त्यांस निराळें साहाय्य कसें द्यावें, हा तिच्यापुढील प्रश्न होता. त्यांतूनच आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनीं १९०५ सालीं तीस परीक्षांची पहिली श्रेणी रचली. म्हणजे या विद्येचा जन्म मुलास वर्गाबाहेर घालविण्यासाठीं नव्हे, तर त्याला मदतीचा हात देण्यासाठीं झाला. बुद्धि जन्मतःच ठरून जाते व ती वाढवितां येत नाहीं, या मताचा बिने यांनीं १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत कडक निषेध केला होता.

पण साधन चांगलें असलें तरी हात बदलला कीं फळ बदलतें. अमेरिकेनें पहिल्या महायुद्धांत सतरा लाखांवर सैनिकांची अशी परीक्षा घेतली. त्या प्रश्नांपैकीं कांहींचीं उत्तरें त्या देशांतील खेळ व बाजारांतील माल ज्याला ठाऊक त्यालाच येणार. मग नुकताच बोटींतून उतरलेला परदेशी मनुष्य त्यांत मागें पडला तर आश्चर्य कसलें? तरीहि त्या आंकड्यांवरून कांहीं लोकसमूहच बुद्धीनें हीन आहेत, असें लिहिणारे विद्वान निघाले. त्यांतील एक, कार्ल ब्रिगहॅम, यांनीं १९२३ सालीं मांडलेले आपले सिद्धांत १९३० सालीं स्वतःच मागें घेतले. आपली चूक उघडपणें कबूल करण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हां शिक्षकांनींहि शिकण्याजोगा आहे.

आपल्या देशांत जाणत्या संशोधकांनीं ही अडचण ओळखली. धारवाडच्या वि. वि. कामत यांनीं बिने यांच्या श्रेणीला मराठी व कानडी मुलांसाठीं नवें रूप दिलें आणि त्याविषयींचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. चंद्रमोहन भाटिया यांनीं १९५५ सालीं ठोकळे, आकृति व चित्रें यांच्या साहाय्यानें घ्यावयाच्या परीक्षा सिद्ध केल्या, त्या शाळेचें तोंड न पाहिलेल्या मुलासहि देतां याव्या म्हणून. परीक्षेचें नुसतें भाषांतर करून भागत नाहीं. आपल्याच मुलखांतील शेंकडों मुलांवर ती पडताळून पाहावी लागते, हाच या परिश्रमांचा धडा होय.

आतां आंकड्याचा अर्थ पाहूं. प्रचलित परीक्षांत सरासरी १०० धरिली जाते, व शंभरांतील सुमारें अडुसष्ट जणांचा आंकडा ८५ ते ११५ यांच्या दरम्यान पडतो. तोच मुलगा दुसऱ्या दिवशीं तपासला तर त्यांत कांहीं अंशांचा फरक पडूं शकतो. ताप, उपासमार, भीति, ऐकूं कमी येणें, चष्म्याची गरज, या साऱ्यांचा परिणाम उत्तरांवर होतो. म्हणून जाणता परीक्षक आंकड्याबरोबर मुलाकडेहि पाहतो, आईबापांस त्याचें बाळपण विचारतो, शिक्षकांचें म्हणणें ऐकतो, आणि या सर्वांचा मेळ घालून मगच मत देतो.

असा परीक्षक कोणास म्हणावें? १९९२ च्या कायद्यानें स्थापिलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहींत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंद होते. परिषदेनें मान्य केलेला अभ्यासक्रम आणि जाणत्यांच्या देखरेखीखालीं केलेलें प्रत्यक्ष काम यांवांचून ती मिळत नाहीं. नोंदणीवांचून अशा कामास हात घालणाऱ्यास त्या कायद्यांत शिक्षा सांगितली आहे. मानसशास्त्राची नुसती पदवी, चार दिवसांच्या शिबिराचें प्रमाणपत्र, किंवा दुकानावरची सुंदर पाटी यांस ही योग्यता येत नाहीं. आम्हां शिक्षकांसहि ती नाहीं. आमचें काम पाहण्याचें, टिपून ठेवण्याचें व योग्य ठिकाणीं पाठविण्याचें. निदान करण्याचें नव्हे. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धि व त्याचा भावी धंदा सांगणारे जे लोक हल्लीं हिंडतात, त्यांच्या विद्येस शास्त्राचा कांहींच आधार नाहीं. तळहात पाहणाऱ्या ज्योतिष्याला यंत्र मिळालें, एवढाच काय तो फरक!

पालकहो, कोणी आपल्या मुलाची परीक्षा घेऊं म्हणाला, तर तीन गोष्टी न लाजतां विचाराव्या: आपली नोंदणी कोठें व कोणत्या क्रमांकानें झाली आहे? ही परीक्षा आमच्या मुलाच्या भाषेंत व आमच्यासारख्या मुलांवर पडताळलेली आहे काय? आणि निकालानंतर मुलाच्या हिताचें आम्हीं काय करावें, हें आपण समोर बसून सांगाल काय? खरा जाणकार या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. तसेंच, गरज असतां परीक्षेस भिऊंहि नये. २०१६ च्या कायद्यानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे. योग्य तपासणी झाली तर अशा मुलास परीक्षेंत जादा वेळेसारख्या सवलती मिळूं शकतात. पुष्कळ वर्षें ‘आळशी’ म्हणून मार खाल्लेल्या मुलास त्या तपासणीनें न्याय मिळतो.

विद्यार्थीमित्रांनो, कोणीं तुमच्या नांवापुढें आंकडा लिहिलाच, तर तो त्या दिवसाच्या त्या कांहीं तासांचा आहे, तुमच्या सबंध आयुष्याचा नव्हे, हें ध्यानांत असूं द्या. तो ऊसतोडणीवाल्याचा मुलगा पुढें वर्गांत पुन्हां हात वर करूं लागला. त्याचें पहिलें उत्तर चुकलें, दुसरेंहि चुकलें. परंतु या खेपेस आम्हीं तिसरा प्रश्नहि त्यालाच विचारला.