आधी पत्ता विचारा

गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेत गेलो, तर नव्या संगणकांपैकी एकही डोमेनला जोडला जात नव्हता. सर्व्हर चालू, पिंगला उत्तर येतंय, तरी पडद्यावर एकच : डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. तिथल्या मुलाने केबल बदलल्या, स्विच बदलला, एक मशीन फॉरमॅटही केलं. दोन दिवसांची ती मेहनत पाहून जीव हळहळला, कारण दुखणं डीएनएसमध्ये होतं. संगणक आधी डीएनएसला विचारतो, ‘या डोमेनचा कंट्रोलर कुठे?’ ती नोंद असते कचेरीच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवर. इथे राउटरने सगळ्यांना 8.8.8.8 हा बाहेरचा सार्वजनिक डीएनएस दिला होता. त्याला आतल्या घरचा पत्ता कसा ठाऊक असणार? तो आकडा बदलला आणि यंत्रं भराभर जोडली गेली. एक जुनं तेवढं अडून बसलं. त्याचा सीमॉस सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागे. आणि डोमेनमध्ये ओळख पटवणारा केर्बेरॉस एरवी 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. नाण्याएवढा सीआर 2032 सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. (विंडोजची होम आवृत्ती मात्र डोमेनला जोडताच येत नाही, खरेदीआधीच पाहा.) संध्याकाळी त्या मुलाने शेवटचं मशीन स्वतः जोडलं, मी नुसता शेजारी उभा होतो.