घरगुती संगणकांचे फलक, रात्रीचे निरोप आणि रायगडचा किनारा

१/ भारतातील संगणक-जाळ्यांचा इतिहास सहसा १५ ऑगस्ट १९९५ पासून सांगितला जातो. त्या दिवशी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधीही देशात काही हौशी मंडळींच्या घरातले संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलत होते. आजचा धागा त्या ‘बुलेटिन बोर्डां’विषयी आहे. मुंबईत ती कल्पना रुजली. समोरच्या रायगड किनाऱ्यावर ती रुजणे इतके कठीण का होते आणि त्या किनाऱ्याला तिची आज गरज का आहे, हे मांडण्याचा हा प्रयत्न.

२/ बुलेटिन बोर्ड म्हणजे काय? ग्रामपंचायतीबाहेरचा सूचनाफलक डोळ्यांसमोर आणावा. खडूच्या जागी कळफलक आणि भिंतीच्या जागी कुणाच्या तरी घरातला एक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि एक टेलिफोन. आपण त्या क्रमांकावर फोन लावायचा, आधीचे निरोप वाचायचे, आपला लिहायचा, एखादी फाइल घ्यायची वा ठेवायची आणि तार मोकळी करायची. तार एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. यंत्राचा धनी तोच व्यवस्थापक. त्याला ‘सिसॉप’ म्हणत.

३/ या कल्पनेचा जन्म वादळात झाला. जानेवारी १९७८ मध्ये शिकागो शहर हिमवादळाने ठप्प झाले. तिथल्या संगणक-क्लबचे दोन सभासद, वॉर्ड ख्रिस्तेन्सेन आणि रँडी स्यूस, यांनी त्या सक्तीच्या सुटीत कामाला हात घातला आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिला फलक सुरू झाला. क्लबच्या मंडळींना घराबाहेर न पडता एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत, एवढाच हेतू होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघांनी ‘बाइट’ मासिकात आपली रचना सर्वांसाठी मांडली.

४/ वेग किती? सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट धाडत, म्हणजे साधारण ३० अक्षरे. १५०० अक्षरांचे एक पान पडद्यावर उमटायला ५० सेकंद लागत. पुढे २४०० बिटांचे मोडेम आले, तेव्हा तेच पान सहा-सात सेकंदांत येऊ लागले. पण १०० किलोबाइटची फाइल उतरवायची तर ७ मिनिटे लागतच. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला तो क्रमांक लागत नसे. म्हणून बहुतेक फलकांवर प्रत्येकाला दिवसाकाठी मिनिटे ठरवून दिलेली असत.

५/ यंत्रेही साधीच होती: ॲपल टू, कमोडोर ६४, स्पेक्ट्रम. भारतातही डेसिबेल्स कंपनीने परवान्याने बनवलेला ‘डीबी स्पेक्ट्रम’ विकला जाई आणि १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचला होता. पण कॅसेटवरून आज्ञावली चढवणारी ही यंत्रे एकेकटी होती. त्यांना शेजार मिळवून देणारी वस्तू म्हणजे मोडेम. आणि मोडेम टेलिफोनशिवाय निरुपयोगी. आपल्याकडच्या कथेला इथेच वळण लागते.

६/ त्याआधी एक टप्पा पाहू. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘फिडोनेट’ सुरू केले. दिवसभर फलकावर परगावचे निरोप साठत राहायचे. रात्री लांबच्या फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावून सगळी थैली एका दमात रिकामी करायचा. निरोप गावोगावचे मुक्काम करत एक-दोन दिवसांत पोहोचे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा केंद्रांची संख्या जगभरात ४०,००० च्या घरात गेली होती.

७/ कोकणी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. एसटीच्या वाहकाच्या हवाली केलेली पिशवी, लाँचमधून आलेली टपालाची थैली, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याबरोबर धाडलेला निरोप, हे सारे याच रीतीने चालत आले. वाहन येईपर्यंत साठवायचे, आले की पुढे धाडायचे. वाट मध्येच बंद पडली तर निरोप हरवत नाही, थांबतो. या धाग्याचा सारा युक्तिवाद त्या थांबण्यावर उभा आहे.

८/ भारतात हे करून दाखवणाऱ्यांत अतुल चिटणीस यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. बेळगावच्या गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या चिटणीसांनी १९८९ ते १९९५ या काळात बंगळुरूहून ‘सिक्स’ ही सेवा चालवली. मुंबईत ‘लाइव्ह वायर’ हा फलक नावारूपाला आला होता. फिडोनेटच्या नकाशात आशियाला सहावा विभाग मिळाला होता आणि त्यात भारतातील फलकही होते. सरकारी इंटरनेट येण्यापूर्वीची ही स्वकष्टाची वाट होती.

९/ आता टेलिफोन. १९९१ च्या सुमारास साऱ्या देशात मिळून जेमतेम ५० लाख टेलिफोन होते आणि नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. खेड्यांसाठी सी-डॉटने बनवलेले १२८ जोडण्यांचे पहिले देशी एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला सुरू झाले. अशी एक्स्चेंज पुढे देशभर पसरली. गावातल्या गावात फोन लागणे त्यामुळे शक्य झाले. गावाबाहेरचा फोन मात्र खिशाला जड राहिला.

१०/ मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. पण अलिबागचा क्रमांक ०२१४१ ने सुरू होतो आणि मुंबईचा ०२२ ने. मुरूडचा ०२१४४, श्रीवर्धनचा ०२१४७. मुंबईतला हौशी स्थानिक दरात फलकावर जाई. अलिबागच्या मुलाला तोच फलक एसटीडीच्या दरात पडे. डोळ्यांना दिसणारे अंतर आणि बिलात दिसणारे अंतर यांचा मेळ नव्हता. त्यासाठी रात्री अकरानंतरच्या पाव दराची वाट पाहायची, तर त्या वेळी मुंबईची एकुलती तारही गुंतलेली.

११/ यावर उपाय होता: अलिबागला, रेवदंड्याला, श्रीवर्धनला स्वतःचा फलक. गावातल्यांना तो स्थानिक दरात पडला असता आणि रात्री एकदाच मुंबईला फोन लावून साऱ्यांचे निरोप धाडता आले असते. एका एसटीडी कॉलचा खर्च वीस जणांत वाटला गेला असता. फिडोनेटची रचना अशाच जागांसाठी होती. दूरची, थोडक्या फोनांची गावे हीच तिची खरी गिऱ्हाइके.

१२/ अडचण कायद्याची होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या चौथ्या कलमाने तार-संदेशाचा एकाधिकार सरकारला दिला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार विभागाने फलकांकडे वर्षाला १५ लाख आणि ई-मेल सेवांकडे २५ लाख रुपये परवाना-शुल्क मागितले. घरच्या खर्चाने फलक चालवणारा हौशी आणि धंदा करणारी कंपनी यांत फरक केलाच नव्हता. हौशी मंडळींनी याविरुद्ध आवाज उठवला. पण शहरातल्यांनाही जी रक्कम अशक्य वाटत होती, ती श्रीवर्धनचा शिक्षक कुठून देणार?

१३/ गंमत अशी की संगणक-जाळे जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलेलेही होते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे ‘निकनेट’ उपग्रहामार्फत देशभरच्या जिल्हा मुख्यालयांना जोडत होते. जिल्हाधिकारी कार्यालयाची आकडेवारी आकाशमार्गे दिल्लीला जाई, आणि बाहेर पारावर बसलेल्या नागरिकाला शेजारच्या तालुक्यातला निरोप हवा तर त्याने एसटीची वाट पाहावी. तंत्र नव्हते, असे म्हणता येत नाही. ते वापरण्याचा अधिकार खालपर्यंत झिरपला नव्हता.

१४/ जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. फलकावर जायला संगणक हवा, मोडेम हवा, फोन हवा आणि इंग्रजीही हवे. देवनागरीसाठी सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड लागे. ते नसेल तर मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. कोळीवाड्यातल्या बाईला त्या फलकावर जागा नव्हती. ही वस्तुस्थिती मान्य करूनच त्या रचनेतले घेण्याजोगे काय, ते पाहायला हवे.

१५/ या किनाऱ्यावर निरोप न पोहोचण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई बंदराला बातमी कळायला कित्येक तास गेले, आणि ती सांगितली ती पाण्यातून वाचून आलेल्यांनी.

१६/ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धन परिसरात किनाऱ्याला धडकले. तोवर प्रत्येक घरात मोबाइल होता. विजेचे खांब आडवे झाले, मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस मुकी झाली. टाळेबंदीमुळे मुंबईकरांना गावी धावताही येईना. नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्याचे दुःख होतेच. त्याआधीचा प्रश्न ‘घरची माणसे आहेत ना?’ एवढाच होता, आणि त्याचे उत्तर द्यायला वाट नव्हती.

१७/ ‘व्हॉट्सॲपचा गट आहे की,’ असे कुणी म्हणेल. तो गट गावाचा असला तरी त्याचे घर परदेशातल्या सर्व्हरवर आहे. मनोरा पडला की वरच्या आळीतला निरोप खालच्या आळीत जात नाही, मग दोन्ही फोन शंभर टक्के भारित असले तरी काय उपयोग? शिवाय तीन वर्षांपूर्वी सरपंचांनी काय सांगितले होते, ते त्या गटात शोधून काढणेही दुरापास्त. गावाच्या निरोपांची मालकी गावाकडे नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

१८/ म्हणून सूचना अशी. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी वाचनालये लहान गावांतही आहेत. किनाऱ्यावरच्या अशा वाचनालयात एक लहान संगणक, एक बॅटरी, एक सौरपट्टी आणि एक वाय-फाय यंत्र ठेवावे. इंटरनेट असो वा नसो, आवारात आलेल्या कुणालाही आपल्या फोनवर देवनागरीत निरोप वाचता-लिहिता यावा. वाट सुरू झाली की साठलेले निरोप आपोआप पुढे जावेत.

१९/ गावाला गाव जोडायला ‘लोरा’ जातीची रेडिओ-यंत्रे आहेत. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, ठरलेल्या मर्यादेत, ती वापरायला परवाना लागत नाही. चित्र वा आवाज त्यावरून जाणार नाही. ‘आम्ही सगळे सुखरूप, पाणी आणि औषधे हवीत’ एवढे नक्की जाईल. डोंगर आड येतील तिथे माथ्यावर मधले ठाणे लागेल. १८८५ चा कायदा ज्या वाटेवर उभा होता, ती वाट आज एवढ्यापुरती तरी मोकळी आहे.

२०/ हे ज्ञान लुप्त झालेले नाही. जगभरचे हौशी आजही कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रमवर फलक चालवतात. ईएसपी८२६६ ही स्वस्त चिप जुन्या यंत्राला मोडेम असल्याचे भासवते, त्याच्या जुन्या आज्ञा ऐकते आणि फोनच्या तारेऐवजी वाय-फायवरून जोडून देते. अलिबाग-पेणच्या महाविद्यालयांतील मुलांना जाळे म्हणजे काय हे शिकवायचे, तर यासारखा धडा नाही. इथे प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते.

२१/ खरी अडचण पैशाची नाही, माणसाची आहे. फलकाला सिसॉप लागतो: बॅटरी तपासणारा, खोटी अफवा काढून टाकणारा, जुने निरोप जपणारा. वाचनालयांत असे ग्रंथपाल आहेत, तुटपुंज्या मानधनावर काम करणारे. त्यांच्यावर आणखी एक फुकटचे काम लादून ही योजना चालणार नाही. त्या कामाचा मोबदला आपत्ती-व्यवस्थापनाच्या खर्चात धरायला हवा. धक्के आणि निवारे बांधताना जो हिशोब होतो, त्यातच हाही बसवावा.

२२/ किनाऱ्यावर मे महिन्यात घरे शाकारतात, होड्या वर ओढतात, सरपण भरतात. त्या यादीत गावाच्या फलकाची बॅटरी तपासणेही यावे. आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत कुणी ओळखीचे असेल, तर हा धागा त्यांना जरूर वाचून दाखवावा.