सर्व्हर बदला, पण ऑफिसला कळू न देता!

‘जुनं ते सोनं’ ही म्हण आजीच्या पाटल्यांना लागू पडते, फाइल सर्व्हरला नाही. आपल्या ऑफिसात असा एक डबा अजून घरघरतोय. त्यावर आहे विंडोज सर्व्हर २००३. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जुलै २०१५ रोजीच बंद केला. म्हणजे तेव्हापासून आपल्या फीच्या याद्या आणि स्कॉलरशिपचे फॉर्म देवाच्या भरवशावर!

शिवाय हा डबा फक्त एसएमबी १ हीच भाषा बोलतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तो याच एसएमबी १ मधल्या छिद्रातून. आजच्या विंडोजमध्ये ते मुळात बंदच असतं. त्यामुळे एका म्हाताऱ्यासाठी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पीसीचं दार उघडं ठेवावं लागतं.

बदलायचा यावर दुमत नाहीच. वाद आहे तो कसा बदलायचा यावर. ‘सुट्टीत जुना बंद, नवा चालू, मग बघू’ ही योजना मला मुळीच पटत नाही. कारण सोमवारी क्लार्ककाकांच्या झेड ड्राइव्हवर लाल फुली येणार आणि खिडकीवर आपल्याला ऐकावं लागणार, “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” स्कॉलरशिपची शेवटची तारीख काही उद्यापर्यंत थांबत नाही!

माझं म्हणणं असं, की आधी नाव हलवा, मशीन नंतर. सगळे शॉर्टकट आणि एक्सेलमधल्या लिंक जुन्या सर्व्हरच्या नावाला चिकटलेल्या असतात. म्हणून डीएनएसमध्ये एक टोपणनाव तयार करायचं, ते जुन्याच सर्व्हरकडे वळवायचं (सर्व्हरलाही ते मान्य करायला लावावं लागतं) आणि सगळ्यांचे ड्राइव्ह सावकाश त्यावर आणायचे. मग ऐनवेळी फक्त टोपणनावाचा पत्ता बदलला की झालं.

कॉपीचंही तसंच. रोबोकॉपी नव्या सर्व्हरवरून चालवायची. तेवढ्यापुरतं त्यावर एसएमबी १ चालू करावं लागेल, काम संपताच काढून टाकायचं. पहिली मोठी कॉपी लोक काम करत असतानाच होऊ द्या. नंतर रोज रात्री फक्त बदललेल्या फाइल्स. शेवटच्या रात्री जुना सर्व्हर ‘रीड ओन्ली’ करून उरलंसुरलं उचललं, की पत्ता बदला.

यात परवानग्या विसरू नका. जुन्या सर्व्हरवरचे स्थानिक ग्रुप नव्यावर नुसते अगम्य आकडे म्हणून उमटतात. परीक्षा विभागाचं फोल्डर सगळ्यांना उघडं किंवा कुणालाच न उघडणारं, दोन्ही वाईटच. आणि हलवता हलवता फोल्डरची साफसफाई तर नकोच! नाव बदललं की लिंक तुटलीच. साफसफाई महिन्याभरानंतर.

तो महिनाभर जुना डबा भंगारात न देता नेटवर्कपासून तोडून ठेवा. नव्यात रेड असलं तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल रेड परत देत नाही. बॅकअपमधून एक फाइल खरोखर परत काढून बघा.

खरी माहिती मात्र काकांकडे आणि मॅडमकडेच आहे. कुठली फाइल कुठून उघडते हे त्यांनाच ठाऊक. म्हणून हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांनो, एक शनिवार ऑफिसात बसा, प्रत्येकाच्या डेस्कटॉपवरचे शॉर्टकट वहीत उतरवून घ्या. सिस्टिम अॅडमिन सरांचं अर्धं काम तिथेच होईल.