गॅरेजात गेल्यावर शहाणी होणारी गाडी

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे नवीन नाही. सकाळी गाडी अडून बसते, घरातली माणसं धक्का मारून घामाघूम होतात, मेस्त्रीला बोलावणं जातं, आणि मेस्त्रीने चावी फिरवली की गाडी पहिल्याच झटक्यात चालू! मालकाचं तोंड एवढंसं होतं. पण खरी गंमत पुढे आहे. इतक्या लांब आलेला मेस्त्री नुसता परत कसा जाणार? "बॅटरी जुनी झालीय, बदलून टाकूया," म्हणतो. बॅटरी बदलते. आठ दिवसांनी गाडी पुन्हा रुसते. मग स्टार्टर, मग कॉइल, मग प्लग... माझं स्पष्ट मत आहे की बिघाड समोर नसताना एकही पार्ट बदलू नये आणि कुणाला बदलू देऊ नये.

"गाडी स्टार्ट होत नाही" हे वाक्यच मुळात अर्धवट आहे. कशी होत नाही? चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, की एकच जाड 'टक्' होऊन शांतता, की सुतारपक्ष्यासारखी टकटक? की सेल्फ झकास फिरतो पण इंजिन काही सुरू होत नाही? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. अजिबात आवाज नसेल तर चावीच्या स्विचकडे आणि स्टार्टरला जाणाऱ्या बारीक वायरीकडे आधी बघायचं. टकटक म्हणजे करंट कमी पडतोय. एकच 'टक्' असेल तर बहुधा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे ब्रश झिजलेले. (अशा वेळी स्टार्टरला पान्याने हलके ठोकलं की गाडी चालू होते आणि लोकांना वाटतं दुरुस्ती झाली! ते निदान आहे, दुरुस्ती नव्हे.) आणि सेल्फ फिरत असेल तर बॅटरी-स्टार्टरचा नाद सोडून स्पार्क आणि पेट्रोल यांच्यामागे लागायचं.

"हेडलाइट छान लागतात, म्हणजे बॅटरी ठीक," हा आपला आवडता गैरसमज. ६० वॉटचा हेडलाइट जेमतेम ५ अँपिअर खातो. लहान गाडीचा स्टार्टर शंभराच्या आसपास किंवा वर खेचतो. म्हणजे वाटेत कुठेतरी ओहमच्या फक्त एक शतांश इतका अडथळा असला तरी सेल्फ मारताना एक व्होल्ट तिथेच गडप होतो, आणि हेडलाइटला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. तो अडथळा म्हणजे टर्मिनलखाली साचलेली पांढरी-हिरवी पूड, किंवा इंजिनपासून बॉडीला गेलेली अर्थची गंजलेली पट्टी. आपल्या गोव्यात खारं वारं बारा महिने आणि वर पावसाळ्यात शंभर-सव्वाशे इंच पाऊस. इथे गाडी पत्र्याच्या आधी वायरींच्या सांध्यात गंजते. घरचा तारवटी सहा-आठ महिने बोटीवर असतो आणि गाडी फणसाखाली उभी; मग उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. कुठेतरी ५० मिलिअँपिअर करंट गळत असेल तर महिन्याभरात ३६ अँपिअर-तास जातात. म्हणजे मारुती ८०० ची ३५ अँपिअर-तासांची अख्खी बॅटरी! यात बॅटरी बिचारीचा काय दोष?

दुसरा प्रश्न, कधी? थंड असताना, तापल्यावर, की पावसात? चोडण-दिवाडीच्या लोकांना याची परीक्षा घ्यायला वेगळं काही करावं लागत नाही. फेरीबोटीत तापलेलं इंजिन बंद करायचं आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा सुरू करायचं. इंजिन बंद झालं की त्याच्यातून फिरणारं पाणी थांबतं, वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता उतरायच्या ऐवजी काही मिनिटं उलट वाढते. जुन्या पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकत नसे. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांच्या मुख्य रिलेमध्ये डाखाला केसाएवढी चीर पडायची. उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नसे आणि निवल्यावर तोच रिले निर्दोष. पावसात अडणारी गाडी असेल तर अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून डिस्ट्रीब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर दुरूनच पाण्याचा बारीक फवारा मारा, हात मात्र लावू नका. करंट जिथून पळतोय तिथे निळ्या ठिणग्या दिसतात.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची मारुती ८०० अशीच फेरीबोटीतच अडायची. मागे गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. दोन गॅरेजांनी मिळून नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर बसवला, तरी तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रीने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मग मीटर घेऊन त्यांच्याबरोबर बोटीतच चढला. पहिल्या फेरीला गाडी शहाण्यासारखी वागली. दुसऱ्या फेरीला अडली. मेस्त्रीने मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनवर धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे पाव व्होल्टच्या आत दिसायला हवं. दिसले दोनाच्या वर. अर्थची पट्टी! बॅटरी आणि स्टार्टरपुढे तिची किंमत म्हणजे चहापाणी.

आता दोष त्या दोन गॅरेजांचा, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं आपलाही आहे. आपण पार्टचे पैसे बिल न बघता देतो, पण "दोन तास शोधत होतो, त्याचे इतके" असं कुणी म्हटलं की भुवया वर. "काय केलंस? नुसती वायर घट्ट केलीस!" मग मेस्त्री पार्ट बदलेल नाही तर काय करील? शोधण्याची मजुरी मिळाली तरच शोधणारे टिकतील. आणि हे आता पूर्वीपेक्षा महागात पडतंय. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी-नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. त्यात असे दोन-तीन पार्ट फुकट बदलले गेले की माणूस वैतागतो आणि चांगली चालती गाडी भंगारात घालतो.

तेव्हा गाडीत एक वही ठेवा. अडली की तारीख, थंड की गरम, पाऊस होता का, आवाज कसा आला, एवढं लिहा. सकाळीच अडत असेल तर आदल्या रात्री गाडी मेस्त्रीच्या दारात सोडा आणि पहिली चावी त्यालाच फिरवू द्या. तापल्यावर अडत असेल तर त्याला शेजारी बसवून फिरवा. बोटीचं तिकीट आणि दिवसाची मजुरी आधीच ठरवा.