ठिपके बघून मांजर आणू नका!

मित्रांनो, मांजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बशीभर दूध पिऊन खिडकीत मस्त झोपलेलं एक गुबगुबीत मांजर! मलाही तसंच वाटायचं. पण कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आले आणि मावसभावाच्या शेरूने पहिल्याच रात्री हा गैरसमज दूर केला. पहाटे चार वाजता स्वारीने कपाटावरून थेट माझ्या पोटावर उडी मारली. (आणि हो, बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही, हेही मला नंतर कळलं!)

शेरू बेंगाल जातीचा. नाव बंगालचं, पण ही जात घडली कॅलिफोर्नियात. जीन मिल या बाईंनी १९६३ मध्ये लेपर्ड कॅट ही रानमांजर आणि घरचा बोका यांचा संकर केला. पुढे १९८० च्या दशकात त्यांनीच पुन्हा नेटाने काम करून ही जात उभी केली. लेपर्ड कॅटचं शास्त्रीय नाव प्रायोनेलुरस बेंगालेन्सिस, त्यावरून 'बेंगाल'. ही रानमांजर आपल्या सह्याद्रीतही आहे. आज घरोघरी दिसणारे बेंगाल तिच्यापासून चार किंवा जास्त पिढ्या लांब आहेत, म्हणजे ते पाळीवच. पण अंगातली ऊर्जा मात्र बघण्यासारखी!

दादाने शेरूला घेतलं ते अंगावरच्या ठिपक्यांसाठी. वर्षभरात तो एम. एस. करायला परदेशी गेला आणि शेरू राहिला मावशीच्या गळ्यात. कपाटं उघडणं, नळाखाली पंजा धरणं, रात्री ओरडणं. मावशी वैतागली. "गावाकडे आमची मांजरं कशी आपली आपण राहायची!" हे तिचं ठरलेलं वाक्य. मावशी, अगं गावाकडच्या मांजराला शेत होतं, माळा होता, उंदीर होते. इथे वन बीएचके आणि बंद दार! दिवसभर काही उद्योगच नाही, तर ती ऊर्जा जाणार कुठे?

गेल्या पावसाळ्यात शेरूने सोफ्यावर शू केली. एकदा नाही, तीनदा. "मुद्दाम करतोय, आता देऊनच टाकू," असं काका म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझंही सबमिशन होतं, मीही त्याला ओरडून खोलीबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर करत होता आणि थेंबही येत नव्हता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घेऊन या." त्याचा मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्यांमध्ये हे होतं, आणि वेळेत मोकळा केला नाही तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं, तेव्हा शेरू वाचला. आम्ही ज्याला खोडी म्हणत होतो ते दुखणं होतं. मांजर दुखणं लपवतं. म्हणून वागणं अचानक बदललं की आधी डॉक्टर, मग रागवारागवी!

घरी आल्यावर आम्ही थोडे बदल केले. भिंतीवर उंच फळ्या ठोकल्या, कारण या जातीला उंचावर बसायला लागतं. संध्याकाळी आणि झोपण्याआधी पंधरा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून त्याला पळवायचं आणि लगेच जेवण द्यायचं. शिकार, खाणं, मग झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. गॅलरीला जाळी लावली. पाण्याची भांडी वाढवली. मावशी आता रात्री झोपते, आणि तो पीस हलवण्याचा मान रोज काकांचा!

आता ज्यांना बेंगाल घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी. या जातीत डोळ्यांचा पडदा लहानपणीच खराब करणारा पीआरए-बी हा आजार आणि रक्तक्षय करणारी पायरुव्हेट कायनेजची कमतरता हे दोन आनुवंशिक दोष आढळतात. आई आणि बाप दोघंही नुसते वाहक असले, दिसायला ठणठणीत असले, तरी प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. दोन्हींची जनुकीय चाचणी होते, तिचा रिपोर्ट मागा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजारही असतो, त्यासाठी आई-बापांची इको तपासणी विचारा. शेरूच्या वेळी विकणाऱ्याने आई-बापांचे फोटो दाखवले, रिपोर्ट दाखवले नाहीत. आणि दादाने मागितलेही नाहीत! मोबाइल घेताना आपण रॅमपासून बॅटरीपर्यंत सगळं विचारतो, मग जिवंत प्राणी घेताना फक्त रंगच का बघायचा?

माझं स्पष्ट मत आहे, की आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी बेंगाल घेऊ नये. आपला कोर्स चार वर्षांचा, नंतर नोकरी कुठे, एम. एस. कुठे, काहीच ठरलेलं नसतं. मांजर मात्र बारा-पंधरा वर्षं जगतं. आपण विमानात बसतो आणि ते दाराकडे बघत बसतं. शेरू आजही दादाच्या रिकाम्या खुर्चीतच झोपतो.

तेव्हा मित्रांनो, घेण्याआधी पुढची पंधरा वर्षं मोजा. हिशेब जमत नसेल तर ठिपके फोटोतच बघा. आणि खेळायची फारच हौस असेल तर कधी मावशीकडे या, शेरू तयारच असतो!