बाखेंगची एकशे आठ शिखरे

गुढीपाडव्याला घरातील वडीलधारी व्यक्ती पंचांग उघडून नव्या संवत्सराचे नाव वाचते. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे. साठावे संपले की पुन्हा पहिले. पूजेच्या संकल्पात हे नाव येते आणि त्याच्या जोडीला शालिवाहन शकाचा आकडा. ज्या शकाने महाराष्ट्रातील घराघरांत आजही तिथी-वर्ष मोजले जाते, त्याच शकाने सागरापलीकडील कंबुज देश, म्हणजे आजचा कंबोडिया, शतकानुशतके आपले शिलालेख मोजत होता. संबोर येथील एका शिलालेखात शके ६०५ (इ.स. ६८३) हे वर्ष शून्याच्या चिन्हासह कोरलेले आहे. शून्याच्या लेखनाचे जे अतिप्राचीन निर्विवाद पुरावे जगात उरले आहेत, त्यांत त्याची गणना होते.

याच कंबुजात इ.स. ९००च्या सुमारास राजा यशोवर्मन् याने हरिहरालय ही जुनी राजधानी सोडून यशोधरपूर वसविले. नव्या नगराच्या मध्यभागी एक नैसर्गिक टेकडी घेतली आणि तिच्या माथ्यावर शिवालय उभारले. शिलालेखात या स्थानाचा उल्लेख ‘मध्यवर्ती पर्वत’ असा येतो. आज ते ‘फ्नोम बाखेंग’ या नावाने ओळखले जाते. अंकोरवाटपासून ते हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याहून दोन शतकांनी जुने. टेकडीचा खडकच पायऱ्यापायऱ्यांनी तासून पाच टप्प्यांचा चौरस पर्वत घडविला आणि त्यावर वालुकाश्माचे आवरण चढविले. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. तेथेही डोंगरातून देवाचा डोंगर काढलेला आहे. फरक एवढाच की वेरूळच्या शिल्पींनी वरून खाली खोदत जाऊन कड्यातून मंदिर मोकळे केले, तर कंबुजातील शिल्पींनी उघड्या माथ्याला पायऱ्यांचा आकार दिला.

खरी मौज संख्येत आहे. पायथ्याशी विटांची ४४ देवळे. पाच टप्प्यांपैकी प्रत्येकावर १२ याप्रमाणे दगडाची ६०. सर्वांत वरच्या चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर ४. मध्यभागीचे गर्भगृह सोडून ही बेरीज होते १०८. ख्मेर भाषेत अशा वास्तूला ‘प्रासात’ म्हणतात, आणि तो आपला ‘प्रासाद’ हाच शब्द होय. १९५४ मध्ये फ्रेंच भारतविद्यावंत झाँ फिलिओझा यांनी या संख्यांचा अर्थ उलगडून दाखविला. सत्तावीस नक्षत्रे आणि चंद्राचे चार पाद यांचा गुणाकार १०८. गुरू हा ग्रह बारा राशींची प्रदक्षिणा सुमारे बारा वर्षांत करतो. अशा पाच प्रदक्षिणा म्हणजे साठ संवत्सरे, आणि पाच टप्प्यांवर बारा-बारा प्रासाद. पायथा, पाच टप्पे व माथा मिळून सात पातळ्या होतात, त्या सप्तलोकांच्या. कोणत्याही एका बाजूच्या मध्यावर उभे राहून वर पाहिले तर मागची शिखरे पुढच्यांच्या आड जातात आणि दृष्टीस पडतात नेमकी ३३. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य आणि आणखी दोन, अशा तेहेतीस देवांचा निवास मेरूच्या माथ्यावर सांगितला आहे. फिलिओझा हे मुळात नेत्रवैद्य होते, ही गोष्ट येथे सहज आठवावी अशी.

सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत मेरू हा पृथ्वीचा आस आहे. तो उत्तर ध्रुवावर उभा, आणि नक्षत्रमंडळ त्याच्याभोवती फिरते. ही कल्पना ध्यानात घेतली की पायऱ्यांच्या मंदिराचा अर्थ उमगतो. मध्यभागी अचल शिवलिंग आणि भोवती फिरणारा काळ. पायथ्याशी महिने, राशी, संवत्सरे यांच्या फेऱ्यात असलेला भक्त एकेक टप्पा चढत त्या ठिकाणी पोहोचतो, जेथे फिरणे थांबते. येथे अध्यात्म आणि ज्योतिर्गणित हे दोन वेगळे विषय नव्हतेच. ज्या पुरोहिताला नक्षत्रचक्र मांडता येत नव्हते, त्याला हे मंदिर रेखाटता आले नसते. आज सायंकाळी बाखेंगवर जगभरातील पर्यटक सूर्यास्त पाहण्यास जमतात, इतके की वर जाणाऱ्यांची संख्या मर्यादित करावी लागली. पूर्वाभिमुख मंदिराकडे पाठ करून सारे पश्चिमेला पाहत असतात.

परक्यांच्या अनास्थेबद्दल बोलण्यापूर्वी घरातील स्थिती पाहणे बरे. अंकोरचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभापासून केला तो फ्रेंचांनी. कंबुजातील शिलालेखांचे वाचन मुख्यत्वे जॉर्ज सेदेस यांनी केले. भारतीयांमध्ये डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांनी १९४४ मध्ये कंबुजदेशाचा इतिहास लिहिला आणि १९५३ मध्ये तेथील शिलालेखांचा संग्रह सिद्ध केला. त्यांच्यानंतर त्या तोलाचे नाव शोधताना दमछाक होते. ज्या देशात पंचांगकर्त्यांची घराणी अजून गणित मांडतात, संस्कृत पाठशाळा चालतात, त्या देशाने नक्षत्रांच्या मंदिराचा अर्थ पॅरिसहून ऐकावा, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

ही पोकळी दुसऱ्याच गोष्टीने भरली गेली. मेक्सिकोतील चिचेन इत्सा येथील पायऱ्यांच्या मंदिराचे छायाचित्र आणि ‘मय संस्कृती म्हणजे मयासुराची प्रजा’ हा मजकूर कित्येक वर्षे घरोघर फिरतो आहे. त्या मंदिराच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या व वरचा एक चौथरा मिळून ३६५ होतात, हे खरे. संपातकाळी तेथे जिन्याच्या कठड्यावर सर्पाकृती सावली उतरते, हेही खरे. परंतु ती गणना २६० व ३६५ दिवसांच्या दोन चक्रांची, विसाच्या पटीत मोजणारी आहे; तीत सत्तावीस नक्षत्रे नाहीत, संवत्सरचक्र नाही, शक नाही. तो त्या लोकांचा स्वतंत्र पराक्रम आहे. नावातील साम्यावर इतिहास उभा करणारा माणसू हिंदुत्वाची सेवा करीत नाही. महाविद्यालयात जाणारा घरातलाच मुलगा पाच मिनिटांत ते खोटे ठरवितो, आणि मग बाखेंगविषयी खरे सांगितले तरी त्यालाही तो हसतो. हानी होते ती अशी.

खुद्द अंकोरवाटच्या बाबतीतही हे भान हवे. दुसऱ्या सूर्यवर्मन् राजाने बाराव्या शतकात बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. वसंतसंपाताच्या सुमारास पश्चिम प्रवेशद्वारापुढील मार्गावरून पाहिले तर सूर्य मधल्या शिखराच्या माथ्यावर उगवतो. हे कोणीही जाऊन पाहावे. १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात आणखी पुढचे प्रतिपादन होते: मंदिराच्या अक्षावरील अंतरे ख्मेर हातांत मोजली तर चार युगांच्या १७२८, १२९६, ८६४ आणि ४३२ या प्रमाणांशी जुळतात. कल्पना मोहक आहे, तिला आधारही आहे. पण हाताचे माप किंचित बदलले की हिशेब हलतो. सूर्योदय हा पुरावा आणि युगांची मापे हा तर्क, एवढा विवेक लिहिताना पाळला पाहिजे.

आणखी एक. मजुमदारांच्या पिढीने या देशांना ‘वसाहती’ म्हटले. पारतंत्र्याच्या काळात तो शब्द मनाला उभारी देत असेल, आज तो टाकावा. कंबुज जिंकण्यासाठी भारतातून सैन्य गेल्याचा पुरावा नाही. राजे ख्मेर, कारागीर ख्मेर, आणि पाच टप्प्यांवर साठ प्रासाद मांडण्याची ही रचना त्यांची स्वतःची; भारतात तिचा तंतोतंत नमुना दाखविता येत नाही. बीज येथून गेले, वृक्ष तेथला. पुढे सोळाव्या शतकात याच माथ्यावर बुद्धाची विशाल बैठी मूर्ती रचण्यात आली आणि तो देश आज श्रद्धेने बौद्ध आहे. ‘हे सारे आमचेच’ असे तेथे जाऊन म्हणणाऱ्याला दार उघडले जाणार नाही. ‘तुमच्या पूर्वजांनी आमच्या पूर्वजांचे ऐकून काय केले ते शिकवा’ म्हणणाऱ्याला उघडले जाईल.

भारत सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही असे नाही. १९८६ ते १९९३ या काळात, कंबोडिया जगापासून तुटलेला असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक अंकोरवाटला काम करीत होते. ता प्रोम येथील जीर्णोद्धारही भारताने हाती घेतला. परंतु दगड सांधणारे हात आणि दगड वाचणारे डोळे यांत अंतर आहे. बाखेंगच्या जतनाचे काम २००४ पासून अमेरिकेतील एका निधीने चालविले.

पुण्यात भांडारकर संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे; संस्कृत, पुरालेख आणि पुरातत्त्व या तिन्ही विद्या एका शहरात क्वचितच अशा सापडतात. या संस्थांनी सिद्धान्तज्योतिष जाणणारे दोन-चार तरुण निवडावेत, त्यांना ख्मेर शिकवावी आणि नोम पेन्हच्या विद्यार्थ्यांना संस्कृतसाठी येथे बोलवावे. खर्च एखाद्या साहित्यसंमेलनाच्या मांडवाहून अधिक येणार नाही. परदेशातील मराठी मंडळींनी मनात आणले तर पहिल्या पाच वर्षांची शिष्यवृत्ती सहज उभी राहील. काम मात्र लवकर सुरू व्हावे, कारण पायथ्याच्या चव्वेचाळीस विटांच्या देवळांपैकी अनेक ढासळली आहेत.